खंदारेबाईंचा चुकीचा नकाशा

खंदारेबाईंबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की माझं पित्त खवळतं. आणि आमच्या गावात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधूनही सापडत नाही. किराणा आणायला जावं तर दुकानदार त्यांची आठवण काढतो, दाढीला बसावं तर न्हावी वस्तरा थांबवून त्यांचा किस्सा सांगतो, आणि घरी यावं तर आमची बायको सुमन आहेच. म्हणून म्हटलं, आता आपणच लिहून टाकावं. बाकीच्यांनी बाईंचं कौतुक केलं. मी त्यांना नीट पाहिलंय. आपण ज्याच्यावर जळतो त्याच्याकडे आपलं जितकं लक्ष असतं तितकं बायकोकडेही नसतं.

माझी सगळी नोकरी इथल्या नगरपालिकेत आरेखक म्हणून गेली. आरेखक म्हणजे नकाशे काढणारा. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, तालुक्याचं. शहर म्हणावं तर बाजारात अजून बैलगाड्या, खेडं म्हणावं तर गल्लोगल्ली मोबाइलची दुकानं. अशा गावाचा नकाशा काढणं म्हणजे वळवळत्या पोराचं जावळ काढणं. पण माझी रेघ सरळ आणि अक्षर मोत्यासारखं. वॉर्डाचा नवा आराखडा तयार झाला की तो फळ्यावर लावायचा, लोकांकडून हरकती मागवायच्या, आणि मुदत संपली की शेरा मारायचा, 'हरकती निरंक'. माझ्या एकाही नकाशावर कधी हरकत आली नाही. हे मी पाहुण्यारावळ्यांत आवर्जून सांगत असे.

निवृत्ती जवळ आली तेव्हा नेमका माझ्याच वॉर्डाचा आराखडा सुधारायचं निघालं. माझ्या मनात एक बाग होती. आमच्या वॉर्डात पिठाच्या गिरणीमागं एक मोकळं मैदान आहे. एका अंगाला मारुतीचं देऊळ, दुसऱ्या अंगाला बौद्ध विहार, तिसऱ्या अंगाला मशीद, आणि मधोमध बुजवलेला जुना आड. तिथं हिरवळ, कारंजं, भोवती नक्षीदार जाळीचं कुंपण आणि पुढं कमानीचं फाटक, असा नकाशा मी सवडीनं कितीदा तरी काढून पाहिला होता. मला एवढंच हवं होतं की मी घरी बसल्यावर एखाद्या आजोबानं आपल्या नातवाला म्हणावं, ही बाग जोंधळे साहेबांनी काढली. यात मी फार काही मागत होतो असं मला आजही वाटत नाही.

तेवढ्यात वरून सूचना आली. आराखडा लोकांना विचारून करा. सगळ्या गल्ल्यांतले, सगळ्या जातीधर्मांचे, मजूर, शेतमालक, बायाबापड्या, सगळे आले पाहिजेत. आणि त्यांना गोळा करायला कंत्राटावर समूह संघटक म्हणून खंदारेबाई आल्या.

पन्नाशीच्या, उंच, अंगानं भरलेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. त्यांचं हसू जिन्यातून वर यायचं आणि मागून त्या. दारातच म्हणाल्या, "नमस्कार जवळेकर साहेब!"

"जोंधळे," मी म्हणालो.

"आस्सं? मग जवळ्याचेच ना तुमी?"

"छे हो! राणीसावरगावचे आम्ही."

झालं. मग राणीसावरगावातलं आमचं घर, माझे वडील, माझी बदलीच न झालेली नोकरी, माझी निवृत्ती, सगळं मी त्यांना सांगून मोकळा झालो. त्या मान डोलवत बडीशेप चघळत होत्या. गेल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दारावर माझ्या नावाची पाटी आहे आणि ती वाचूनच बाई आत आल्या होत्या. मी त्यांच्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं.

तशी विचारायची गरजही नव्हती. स्वतःची जाहिरात त्या स्वतःच करत. "पेडगावची हाय मी. बाप मास्तर. आमच्या घरातली पहिली एम.एस.डब्ल्यू. माज्यासारखी बोलकी बाई सबंद परभणी जिल्ह्यात दुसरी न्हाई, इचारा कुणालाबी." हे त्या मुख्याधिकाऱ्यांनाही सांगत आणि झाडूवालीलाही. विनय नावाची गोष्ट त्यांच्या वाऱ्याला उभी राहत नसे. स्कूटी उशिरा शिकलेल्या, म्हणून दोन्ही पाय जमिनीला घासत चालवायच्या. पण ऐट अशी की मागून येणाऱ्यानं बाजूला व्हावं. कार्यालयात खुर्ची द्यावी तर बसायच्या नाहीत. पायरीवर बसायच्या आणि साहेबलोकांना पायरीवर बोलवायच्या. आणि साहेबलोक जात.

पहिली सभा मी माझ्या पद्धतीनं ठेवली. नगरपालिकेचं सभागृह, बॅनर, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. आले कोण, तर नेहमीचे दोन पेन्शनर आणि एक जण जन्माचा दाखला विचारायला. खंदारेबाई शेवटच्या रांगेत बसून माझा नकाशा बघत होत्या.

"लय देखणा हाय हो साहेब," त्या म्हणाल्या. "म्हणूनच कुणी येयना."

"म्हणजे?"

"येवढं नीटनेटकं बघितलं की माणूस म्हणतं, आपलं काय काम इथं? माणसाला इचारलं की ते गप्प बसतंय. समोर कुणी चुकलं की मग बोलतंय. मला ह्याची एक नक्कल द्या."

मी दिली. तिथंच फसलो.

चार-सहा दिवसांनी रस्त्यात लोक माझ्याकडे बघून हसायला लागले. एकानं तर गाडी थांबवून विचारलं, "साहेब, तब्येत बरी हाय ना?" सुमन दळण घेऊन आली ती पदर तोंडाला लावूनच. गिरणीच्या भिंतीवर माझा नकाशा लागला होता. माझाच, पण बाईंनी त्यात हात घातलेला. मारुतीचं देऊळ रस्त्याच्या पलीकडे गेलं होतं. विहाराची गल्ली पुढं बंद झाली होती. मशिदीमागचा नाला तर पार नाहीसाच झाला होता. चुका मात्र बाईंनी सगळ्यांना सारख्या वाटल्या होत्या. कुणाला तक्रारीला जागा नको. आणि खाली कोपऱ्यात मोत्यासारख्या अक्षरात माझं नाव.

मी तरातरा गिरणीत गेलो. नुकतंच पीक आलेलं, ज्वारीच्या डब्यांची रांग लागलेली. रांगेतल्या बाया डबे सोडून भिंतीशी. एक म्हणत होती, "हे कुण्या येड्यानं काडलं गं? मारोती तिकडं कसा?" दुसरी म्हणे, "आन आमची गल्ली बंद करून टाकली! आमी काय भिताडावरून जावं?" बाई मधे उभ्या, अंगावर पीठ उडालेलं, चेहरा बापुडा केलेला. "आस्सं का? मला काय म्हाईत बया. मग कुठून जाती तुमची गल्ली? दावा बरं." ती बाई बोटानं दाखवी, मग दुसरी तिला खोडून काढी, मग दोघी मिळून तिसरीला. शेवटी काहीतरी एकमत झालं की खंदारेबाई अंबाड्यातली पेन्सिल काढत, नकाशावर रेघ मारत आणि म्हणत, "हां, आत्ता बरोबर झालं." आणि पेन्सिल परत अंबाड्यात.

हे वाक्य त्या कितीदा म्हणत असतील त्याला गणती नाही. आणि ज्याला म्हणत, त्याचा चेहरा असा फुलायचा की जणू सबंध शहर त्यानंच वसवलं. चूक बाईंची, शिव्या मला, आणि कौतुक त्यांचं. मी भांडलो तर म्हणाल्या, "तुमच्या नावाला कोण शिव्या घालायलंय? नकाशाला घालायलेत. आन शिव्या का होईना, बघायलेत ना आता?" उत्तर मला रस्त्यात सुचलं, पण तोवर त्या पाय घासत पुढं गेल्या होत्या.

एकदा त्यांच्याबरोबर मशिदीमागच्या गल्लीत गेलो. तिथं रहमतखाला राहतात. म्हातारी, सबंध गल्लीची थोरली, आणि परक्या पुरुषासमोर तोंड न उघडणारी. त्या नाल्याबद्दल विचारायला मी आधी दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा आतून एकच उत्तर, "सब ठीक है साहब." खंदारेबाई उंबऱ्यावर बसल्या, पानाचा डबा मागून घेतला आणि म्हणाल्या, "खाला, इधर अच्छा है. बरसात में भी सूखाच रहता ना?"

"सूखा?" पडद्याआडून आवाज आला, मग पडदाच बाजूला झाला. "किन्ने बोला सूखा? अरी माँ, पिछले साल चूल्हा बह गया मेरा! पलंग पो बैठ को रोटी खाए हम!" आणि म्हातारी काठी टेकत बाहेर आली. नाला कुठं तुंबतो, कुणी त्यावर फरशी टाकलीय, पाणी कुणाच्या घरात आधी शिरतं, सगळं तिनं काठीनं दाखवलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "लिखो ना साहब, खड़े क्या हो." मी लिहून घेतलं. परतताना बाई शीळ घालत होत्या. बाईमाणसानं शीळ घालावी का, हा प्रश्न मी मनात ठेवला.

शेवटी मीही ठरवलं. यात काय मोठं आहे? चुकीचं तर बोलायचं. माणूस आयुष्यभर फुकट बोलतच असतो. दाढीला बसलो होतो, दुकानात आठ-दहा माणसं. मी मोठ्यानं म्हणालो, "आपल्या गल्लीत नळाला पाणी मात्र रोज येतं."

पाणी कधी रोज येत नाही हे मला ठाऊक, त्यांना ठाऊक. आता पेटतील, आता बोलतील, म्हणून मी वाट बघत राहिलो. एक म्हातारा म्हणाला, "येत आसंल. साहेब म्हणायलेत म्हंजे येत आसंल." आणि न्हावी माझ्या गालाला साबण लावता लावता चिंतेनं म्हणाला, "मग आमचाच नळ खराब हाय वाटतं. दावून घ्यावा लागंल कुणाला तरी."

त्या दिवशी मला रडू यायचं बाकी राहिलं. बाई चुकल्या की लोक त्यांना हात धरून बरोबर रस्त्यावर आणत. मी चुकलो की लोक आपला नळ दुरुस्त करायला निघत. याला हेवा म्हणू नये तर काय म्हणावं? मी जळलो. सरळ शब्दांत सांगतो, जळलो.

बागेचा निकाल मात्र अजून लागायचा होता. ती सभा बाईंनी मैदानातच ठेवली, उन्हं उतरल्यावर. सतरंज्या विहारातून आल्या, माइक मशिदीतून, आणि पाण्याची टाकी मारुतीच्या पुजाऱ्यानं दिली. आमच्या वॉर्डातले मोठे शेतकरी किशनराव मालकसुद्धा आले. पोखर्णी रस्त्याला त्यांची जमीन आहे आणि सतरंजीवर बसायची त्यांना सवय नाही. त्यांनी मोटारसायकल उभी केली आणि तिच्यावरच बसले. मी नवा शर्ट घातला होता. बागेचा नकाशा मी रंगात काढला होता, हिरवळ हिरवी, कारंजं निळं. मी सकाळीच बाईंना बजावलं होतं, "याला हात लावायचा नाही." त्या म्हणाल्या, "न्हाई लावत. शपत." आणि खरंच लावला नव्हता. नकाशा होता तसा फळीवर होता.

बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ही जागा निस्ती पडून हाय. इथं कुणी येत न्हाई, जात न्हाई. म्हणून साहेबांनी इथं बाग काडली."

मला बरं वाटलं. कारण हे वाक्य माझंच होतं. आराखड्याच्या टिपणीत मीच लिहिलं होतं, सदर जागा विनावापर पडीक आहे. पहिल्यांदाच बाई खरं बोलल्या असं मला वाटलं.

सतरंजीवर चुळबुळ झाली. मग बायांच्या बाजूनं आवाज आला, "येत न्हाई कसं? मी येते की."

तो आवाज मी ओळखला. सुमन उभी होती.

ती कधी चार माणसांत बोललेली मला आठवत नाही. पोखर्णीची माहेरवाशीण, घरातसुद्धा हळू बोलणारी. पण त्या दिवशी पदर खांद्यावर ओढून ती बोलली. "गिरणीत डबा ठेवला की दळण व्हईस्तोवर आमी तिथं आडाच्या कट्ट्यावर बसताव. रोज. दळण नसलं तरी बसताव. रहमतखाला येत्यात, विहाराच्या गल्लीतल्या बाया येत्यात, मालकांची सूनबी येती. कुणाच्या घरात बसून बोलावं असं कुणाचंच घर न्हाई. आता फाटक बसलं की वॉचमन येईल. वॉचमन आला की इचारील, बाई, काय काम हाय? आमचं तिथं काईच काम नसतंय. म्हणूनच तर येताव."

मालक मोटारसायकलवरून उतरले; सूनबाई रोज कुठं जाते हे त्यांनाही तेव्हाच कळत होतं. मग एकदम सगळेच बोलायला लागले. खाला म्हणाल्या, रमजान में सेवयाँ हम कहाँ सुखाते, तुमारे कारंजे पो? विहाराच्या गल्लीतली माणसं म्हणाली, जयंतीचा मांडव इथंच पडतो. मालकांनीही घसा खाकरून सांगितलं की सोयाबीन आलं की ट्रॅक्टर वळवायला हीच एक जागा आहे, आणि बोलता बोलता ते सतरंजीवर कधी बसले ते त्यांनाही कळलं नाही. बाईंनी पेन्सिल काढली आणि माझ्याकडे बघितलं. "साहेब, कुंपण..."

मी काय म्हणणार? समोर माझी बायको उभी होती. मी म्हणालो, "काढा."

त्यांनी माझ्या नक्षीदार कुंपणावर आडवी रेघ मारली. "हां, आत्ता बरोबर झालं," त्या म्हणाल्या. पण मला नाही, सुमनला. आणि सुमनचा चेहरा असा उजळला की लग्नातसुद्धा मी तो तसा बघितला नव्हता.

घरी आल्यावर मी नवा शर्ट खुंटीला अडकवला. सुमन लसूण सोलत होती. शेवटी न राहवून म्हणालो, "मला वाटायचं तू मारुतीला जातेस."

"जाते की. तिथून मग कट्ट्यावर जाते."

"मग मला कधी बोलली नाहीस? बागेचा नकाशा घरात पसरलेला असायचा. तू चहा आणून त्याच्यावर ठेवायचीस."

तिनं वर बघितलं. टोमणा मारावा असा तिचा स्वभाव नाही. अगदी साधेपणानं म्हणाली, "तुमचं कदी काई चुकतच न्हाई. मग काय बोलावं?" आणि पुन्हा लसूण सोलायला लागली.

बाग गेली त्याचं दुःख मी पचवलं असतं. पण जे माझ्या घरातल्या बाईनं मला इतक्या वर्षांत सांगितलं नाही, ते त्या पेन्सिलवालीला भर सभेत सांगितलं. पेन्सिलवालीनं तर तिला विचारलंसुद्धा नव्हतं. त्या रागात मी नवा आराखडा काढला. कुंपण नाही, कारंजं नाही. कट्ट्याची दुरुस्ती, एक दिवा, एका बाजूनं कडुलिंब, नाल्याला मोकळी वाट, आणि ट्रॅक्टर वळेल एवढी जागा. रेघ मात्र तशीच सरळ. सर्वसाधारण सभेत तो मंजूर झाला. बाई पायरीवरून ओरडल्या, "साहेब, पेढे द्या! सबंद गावात सगळ्यात जास्त हरकती तुमच्या नकाशाला आल्या!" पेढे मला द्यावे लागले. लोकांनी ते बाईंचं अभिनंदन करत खाल्ले.

माझी निवृत्ती आणि त्यांच्या कंत्राटाचा शेवट एकाच महिन्यात आला. माझ्या निरोपाला शाल, श्रीफळ आणि दोन भाषणं झाली. एका भाषणात माझं गाव चुकीचं सांगितलं गेलं आणि मी दुरुस्त केलं नाही. त्यांच्या निरोपाला कुणी काही ठरवलं नव्हतं. दुसऱ्या जिल्ह्यात नवं काम मिळालं होतं, सकाळच्या एस.टी.नं त्या जाणार होत्या. सुमन म्हणाली, "चला, जाऊन येऊ." मी म्हणालो, मला काय करायचंय. मग गेलो.

स्टँडवर बघतो तर अर्धा वॉर्ड. गिरणीवाला पीठ झटकत आलेला, न्हावी दुकान बंद करून आलेला, रहमतखाला काठी टेकत, विहाराच्या गल्लीतल्या बाया डबे बांधून, मालक मोटारसायकलवर. नवीन माणसाला वाटलं असतं कुणाची लेक सासरी चाललीय. मी खांबाच्या आड उभा राहिलो. माझ्या शालीला यातला एकही जण आला नव्हता.

बाई खिडकीत बसल्या. सगळ्यांचे हात हातात घेऊन झाले. मग त्यांनी मान बाहेर काढून खांबाकडे बघितलं आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "जोंधळे साहेब, येक सांगते. लय हापिसं बघितली मी, पर तुमच्यासारखा मोठ्या मनाचा माणूस न्हाई बघितला. तुमाला माझा कदी हेवा वाटला न्हाई!"

मी विचार करायच्या आत खांबाआडून बाहेर आलो होतो. "न्हाई कसा?" मी ओरडलो. माझी कार्यालयातली भाषा कुठं गेली कुणास ठाऊक. "रोज वाटला! आत्ताबी वाटायलाय!"

सुमन माझ्याकडे बघत होती, चेहरा त्या दिवशी मैदानात उजळला होता तसाच. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तसा खंदारेबाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढली, खिडकीबाहेर हात काढून हवेत एक रेघ मारली आणि म्हणाल्या, "हां, आत्ता बरोबर झालं."

आणि पेन्सिल परत अंबाड्यात खोचली.